मुक्कामाला न राहणारे नाना

लग्नात अक्षता पडल्या की नाना उठायचे. पंगत बसायच्या आत मांडवाबाहेर. कुणी हात धरून बसवायला लागलं तर म्हणायचे, "जनावर बांधून आलोय." आमच्या भागात या वाक्यापुढे कुणी आग्रह करत नाही. ज्यांना माहीत नव्हतं ते हात सोडून द्यायचे. ज्यांना माहीत होतं ते हसायचे, कारण नानांच्या घरची दावण कधीच मोकळी झाली होती. त्यांचं जनावर म्हणजे आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीतला सर्व्हर.

काकू, म्हणजे नानांच्या मिसेस, सगळ्यांसमोर सांगायच्या, "सासऱ्यांनी गाई इकल्या तवा वाटलं, सुटले बाई. तर ह्यांनी हापिसात एक बांधून घेतली. ती दूध बी देत न्हाई."

आमची संस्था काष्टीजवळ आहे. जिल्ह्यातल्या गावोगावच्या गायींच्या नोंदी आम्ही ठेवतो. गायीच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि त्या नंबराखाली तिचं सगळं आयुष्य. गावातला आमचा माणूस गोठ्यात उभा राहून मोबाईलवर नोंद करतो, ती आमच्या मागच्या खोलीत येऊन साठते. म्हणजे तेव्हा साठायची.

मी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मग कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि इथे लागले. फोनवर बोलायची मला पहिल्यापासून धास्ती. पहिल्याच आठवड्यात फोन आला. एक बाई घाईघाईने विचारत होत्या, "आवो, माझी गाय कवा व्यायची हाय ते सांगा की." मी तोंडातल्या तोंडात "एक्सक्यूज मी?" म्हणाले. मग त्या बाई दुसऱ्या कुणाला तरी म्हणाल्या, "इंग्रजीत लागलाय फोन."

नानांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, नंबर विचारला, तारीख सांगितली, वर "वैरणीत मीठ टाकता का" तेही विचारलं. फोन ठेवून माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माजावर आली, भरवली, गाभण राहिली, व्याली, भाकड झाली. एवढं पाठ कर. बाकी डेटाबेस तुला येतोच."

ते मला हसले नाहीत. म्हणून मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायला लागले. तिथे बोलावं लागत नसे.

त्या खोलीत शिरायचं तर चप्पल बाहेर. आमचे प्रमुख म्हणजे जनावरांचे डॉक्टर, गोठ्यातून चिखलाच्या बुटांनी थेट केबिनमध्ये जाणारे. पण नानांच्या दारात तेसुद्धा वाकून बूट काढायचे. आत भिंतीला कोंबड्यांच्या शेडमध्ये असतो तसला थर्मामीटर टांगलेला. शेजारी एसी, त्याच्याखाली सर्व्हर, आणि त्याच्यासमोर नानांची खुर्ची. जेवतानाही तोंड हिरव्या दिव्यांकडे. भाकरीचा तुकडा मोडता मोडता मध्येच थांबायचे, कान द्यायचे. "आज कण्हतीये," म्हणायचे. मला सगळ्या दिवशी पंख्याचा आवाज सारखाच वाटायचा. त्यांचं बरोबर निघायचं असंही नाही. कित्येकदा ते "कण्हतीये" म्हणून मशीन उघडून बसायचे आणि आत काहीच नसायचं. मग म्हणायचे, "आता बरी झाली."

संध्याकाळी घरी जाताना ते मशीनच्या पत्र्यावर हलकेच हात ठेवायचे. कुणी बघत नाही अशा बेताने. मी कोपऱ्यात असायची, पण मला बहुतेक कुणी मोजत नसे.

बॅकअपबद्दल त्यांची मतं कडक होती. "कॉपी काढली म्हंजे बॅकअप झाला असं न्हाई. उघडून बघितला म्हंजे झाला." म्हणून दर शनिवारी जुनी कॉपी वेगळ्या मशीनवर उघडायची आणि एकच गाय शोधायची. नोंदवलेली सगळ्यात पहिली गाय. ती त्यांच्या वडिलांची होती, केव्हाच मेलेली. स्क्रीनवर तिची ओळ आली की नाना मान हलवायचे. "ही सापडली म्हंजे बाकीच्या बी आत असतील." मग कॉपीची हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी न्यायचे आणि ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवायचे.

"ज्वारीत का?" मी एकदा विचारलं.

"कोरडी असती. आन् चोर आला तर कपाट फोडील. ज्वारीत कोन हात घालतंय?"

मी ज्या पुस्तकांतून शिकले त्यांत लिहिलं होतं, एक प्रत नेहमी दुसऱ्या जागी ठेवावी. नाना तेच करत होते. पुस्तकांत ज्वारीचा उल्लेख नव्हता, एवढंच.

चोर आला नाही. आला तो विजेचा दाब. एका गुरुवारी दुपारी गावच्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काहीतरी बिघडलं, ऑफिसातल्या ट्यूब एकदम पांढऱ्याशुभ्र पेटल्या आणि मागच्या खोलीतून जळका वास आला. यूपीएस गेला, त्याच्यामागून सर्व्हर, आणि सर्व्हरमधल्या दोन्ही डिस्क. एकीला काही झालं तर असावी म्हणून दुसरी बसवलेली. दोघी एकदमच गेल्या. जिल्ह्यातल्या सगळ्या गोठ्यांत आमची माणसं मोबाईल धरून उभी, आणि काष्टीतला सर्व्हर जळला म्हणून त्यांचा मोबाईल मुका.

नाना घाबरले नाहीत. "बॅकअप घेऊन येतो," म्हणाले. मला बरोबर नेलं, म्हणाले, "बघून ठेव." घरी जाऊन त्यांनी कोठीत हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. मग त्यांचा चेहरा बदलला.

काकू चुलीपाशी होत्या. "काय शोधता?"

"ज्वारी कमी कशी झाली?"

"कमी व्हणारच. तुमच्या बहिनीला पोतं दिलं न्हवं का परवा? मिरजगावला?"

नाना खाली बसले. पोतं गिरणीत गेलं असेल, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता, हे मला नंतर कळलं. फोन लावला तर बहिणीचा फोन लागेना. आम्ही त्यांच्या जुन्या व्हॅनमधून मिरजगावला निघालो. वाटेत ते एकदाच बोलले, "डिस्क दळली तर गिरणी बी बिघडायची."

मिरजगावला पोचलो तेव्हा नानांच्या बहीण, सगळ्यांच्या आत्या, अंगणात सूप घेऊन ज्वारीच पाखडत होत्या. दादाला अवेळी बघून म्हणाल्या, "आलास का? मला वाटलंच तू येशील. पोत्यात तुझा रेडिओ निघाला."

"कुठंय?"

"देवात ठेवलाय. पोरं हात लावत्यात म्हनून."

डिस्क देव्हाऱ्यात होती, अन्नपूर्णेच्या शेजारी. आत्यांनी सकाळी पूजा करताना तिलाही कुंकू लावलं होतं. "देवात असलेल्याला तसंच कसं ठेवायचं?" असं त्यांचं म्हणणं. नानांनी ती दोन्ही हातांनी उचलली, वायर लावायच्या जागी फुंकर मारली आणि बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. आत्यांनी चहाला थांबा म्हटलं. नाना म्हणाले, "जनावर..." आणि पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही.

डिस्क चालली. पहिली गाय सापडली. पण ती कॉपी शनिवारची होती. शनिवारनंतर गुरुवारपर्यंतच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. पुढे कितीतरी दिवस नाना स्वतः गावोगाव फिरून, आमच्या माणसांना विचारून विचारून त्या परत भरत होते. एका गोठ्यात एक म्हातारे त्यांना म्हणाले, "आमच्या लक्षात हाय, तुमच्या कंप्युटरच्या न्हाई? मंग त्यो कशाला पाळला?" हे नानांनीच मला सांगितलं, हसत. पण त्यानंतर लग्नात ते अक्षतांनाही थांबेनासे झाले. नवा सर्व्हर आला, नवा यूपीएस आला, आणि नाना आणखी घट्ट बांधले गेले. डिस्कवरचा कुंकवाचा डाग मात्र त्यांनी पुसला नाही.

डॉक्टरसाहेबांनी क्लाउडचं पहिल्यांदा काढलं ते याच सुमारास. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता पुष्कळ संस्था आपला डेटाबेस अशा कंपन्यांकडे ठेवतात. मशीन त्यांचं, वीज त्यांची, कॉपी तेच काढणार, दुरुस्ती तेच करणार. आपण फक्त वापरायचा.

"म्हंजे आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात," नाना म्हणाले.

"नाना, गाय हवी कशाला? रतीब लावायचा. दूध सकाळी दारात आल्याशी मतलब."

"दूधवाला पाणी घालतो."

"तुम्ही तपासा की! नको कोण म्हणतंय?"

"आन् एक दिवस आलाच न्हाई तर?"

"आणि तुम्ही एक दिवस आला नाहीत तर?" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर वाईट बोलले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. पण नाना उठून गेले, आणि तो विषय दोन वर्षं तसाच राहिला. मला तेव्हा वाटलं होतं, डॉक्टरांचं बरोबर आहे. आणि असंही वाटलं होतं, की नानांना विचारल्याशिवाय ते बरोबर असू नये.

आता राजूरचं सांगायला हवं.

काकूंचं माहेर राजूरच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीत. काष्टीहून तिथे जायचं म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. भाऊ नाशिकला असतो, वाडीत काकूंची आई एकटीच. लग्न झाल्यापासून म्हातारीची जावयाबद्दल एकच तक्रार होती. जावई कधी मुक्कामाला राहिला नाही. आधी घरच्या गाई होत्या, धारा काढायला नाना लागायचे. नंतर हा सर्व्हर. पहाटे निघायचं, काकूंना पोचवायचं, दुपारचं जेवायचं आणि परत फिरायचं. म्हातारी फोनवर विचारायची, "जावईबापू, तुमच्या त्या मशिनीला आईबाप न्हाईत का कुनी? रातभर सांभाळाया?" नाना हसून फोन काकूंकडे द्यायचे.

आता म्हातारीला नीट दिसत नव्हतं. काकूंनी एकदा डबा द्यायच्या निमित्ताने ऑफिसात येऊन माझ्याशेजारी बसून सांगितलं, "आई म्हनती, एक रात राहा. सकाळी माझ्या हातचा चहा घ्या आन् मंग जा. दुसरं काय मागत न्हाई." मी त्यांना पाणी दिलं.

त्या वर्षी नाना ठरवून गेले. सर्व्हर नवा, मी होते, डॉक्टर होते. दोन दिवसांची रजा टाकली. सगळ्या ऑफिसने त्यांना चिडवलं, "नाना, वेसण कुणाच्या हातात दिली?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

ते गेले त्याच दिवशी संध्याकाळ होत आली आणि काष्टीत वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. जनरेटर सुरू होईना. गावोगावच्या माणसांचे फोन सुरू झाले. डॉक्टरांनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि मग नानांना फोन लावला. वाडीत रेंज धड येत नाही, पण तो फोन नेमका लागला.

नाना काष्टीत पोचले तोवर वीज आली होती आणि सर्व्हर आपला आपण चालू झालेला होता. करायला काहीच उरलं नव्हतं. तरी सकाळी मी आले तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते, कालच्याच कपड्यांत.

मी कोपऱ्यात जाऊन बसले, तसे ते म्हणाले, "अंथरून घातलं होतं तिनं, दिवस मावळतानाच. ओसरीवर. नवी गोधडी काढली होती पेटीतली. फोन आला तवा मी नुसता उठलो. ती काही बोलली न्हाई. चाचपत आली आन् गोधडीची घडी घातली. निगुतीनं. चारी कोपरं जुळवून."

पंखा चालू होता.

"आज कसा आवाज येतोय?" त्यांनी विचारलं.

"रोजच्यासारखाच."

"व्हय," ते म्हणाले. "मला बी."

त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विश्वस्तांसाठी एक टिपण लिहायचं होतं, डेटाबेस का हलवावा यावर. "नानांनीच सांगितलं, तुला लिहू दे म्हणून," ते म्हणाले. मी चक्रावले. मग बसून लिहिलं. मशीन बिघडलं तर त्याचे भाग काष्टीत मिळत नाहीत. वीज भरवशाची नाही. दर थोड्या दिवसांनी सुरक्षेच्या दुरुस्त्या चढवाव्या लागतात, त्या वेळी काम थांबतं. गावं वाढतायत, तशी जागा लागते. क्लाउडवर एक जुळी प्रत दुसऱ्या ठिकाणी कायम जागी असते, पहिली पडली तर दुसरी पुढे होते. आणि काष्टीत अंधार झाला तरी बाकी जिल्ह्यातली नोंद थांबत नाही. जे वाचलं होतं ते सगळं घातलं.

नानांनी चष्मा लावून ते वाचलं. "चांगलं लिहिलंस. समदं खरं हाय." मग कागद परत देत म्हणाले, "पन कारन कुठंय?"

"हीच कारणं आहेत, नाना."

"ही फायद्याची यादी झाली. कारन एकच हाय. हे समदं एका मानसावर बांधलंय, आन् त्या मानसाला मुक्कामाला जायचंय. लिही."

"असं कसं लिहू?"

"मंग इंग्रजीत लिही. इंग्रजीत कायबी बरं दिसतं."

मी मराठीतच लिहिलं. सगळ्यात वर. "सध्या ही व्यवस्था एकाच व्यक्तीच्या हजेरीवर अवलंबून आहे. हे संस्थेसाठी धोक्याचं आहे आणि त्या व्यक्तीवर अन्याय आहे." विश्वस्तांनी बाकीचं किती वाचलं कोण जाणे. मंजुरी आली.

हलवायचं काम नानांनीच केलं, माझ्या हाताने. ते मागे उभे राहून सांगायचे, मी करायची. सगळं तिकडे गेल्यावर त्यांनी पहिली गाय शोधायला लावली. ती सापडली. "आता दर महिन्याला त्यांची कॉपी मागवून, उघडून, हिला शोधायचं," त्यांनी मला बजावलं. "रतीब लावला म्हनून दूध चाखायचं सोडायचं न्हाई." मग त्यांनी जुन्या सर्व्हरचं बटण दाबलं. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं शब्दांसकट ऐकू आलं. नानांनी बाहेर जाऊन चप्पल घातली. मग चपलेसकट परत आत आले, टिफिन विसरला होता म्हणून.

पुढच्या शनिवारी ते आणि काकू राजूरला गेले. जाताना मला म्हणाले, "फोन करू नको. मी बी करनार न्हाई."

त्याच संध्याकाळी, धारांच्या वेळी, माझ्या मोबाईलवर मेसेज आला. क्लाउडवरची मुख्य प्रत बंद पडली होती. मी लॅपटॉप उघडला तोवर दुसरा मेसेज आला, जुळी प्रत पुढे झाली आहे. मी पहिली गाय शोधली. ती होती. गावोगावच्या नोंदी एकामागून एक येतच होत्या.

डॉक्टरांचा फोन आला. त्यांनाही मेसेज गेला होता. "नानांना कळवलंस का?"

"नाही," मी म्हणाले. "कळवायची गरज नाही, सर. सगळं सुरू आहे. मी बघतेय."

माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. "बरं," डॉक्टर म्हणाले. "मग राहू दे त्यांना."

सोमवारी नाना ऑफिसात आले. सवयीने मागच्या खोलीकडे वळले, दारात थांबले आणि माझ्या टेबलापाशी येऊन बसले. हातात स्टीलचा डबा होता, त्यात डोंगरातला हातसडीचा तांदूळ. "म्हातारीनं दिलाय. त्या मशिनीच्या पोरीला द्या म्हनली."

मग इकडेतिकडे बघत विचारलं, "काय झालं होतं का?"

"झालं होतं. शनिवारी संध्याकाळी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आपोआप नीट झालं. एकही नोंद गेली नाही."

नाना डब्याचं झाकण काढून पुन्हा लावत राहिले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. एखाद्याशिवाय चाललं, हे ऐकायला कुणाला आवडतं?

"झोप लागली का तिथे?" मी विचारलं. मी सहसा असलं विचारत नाही.

"कुठली झोप! म्हातारी झोपू देती का?" ते म्हणाले. "रातभर उठून उठून येत होती. भिंत धरत यायची, वाकायची, आन् गोधडीवर हात ठिवून बघायची."

"काय बघायच्या?"

"मी हाय का न्हाई ते."

"मग तुम्ही?"

"मी काय करनार? डोळं मिटून पडून ऱ्हायलो. आवाज बी केला न्हाई. म्हटलं, बघू दे तिला."